एकास पस्तीस

आमच्या चलथाणला दिवाळी जवळ आली हे दोन गोष्टींवरून कळते. एक, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची लगबग सुरू होते. डांगातून, नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, इकडे त्यांना 'कोयता'च म्हणतात, आणि शेतांच्या कडेला त्यांच्या झोपड्या उभ्या राहतात. दुसरी, आमच्या सोसायटीतली मराठी मुले पार्किंगच्या कोपऱ्यात माती, विटा आणि गोणपाट आणून टाकतात. म्हणजे किल्ला. घरात मराठी आणि दारात गुजराती बोलणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांनी खानदेशातून काय आणले आणि काय वाटेत सांडले याचा हिशेब मांडायला बसलो, तर सांडलेलेच जास्त निघेल. किल्ला मात्र सांडला नाही. आता तर शेजारची गुजराती मुलेही त्यावर मोहरी पेरायला हक्काने येतात.

गेल्या दिवाळीत या किल्ल्याने माझ्या एका प्रश्नाला वाट दाखवली. प्रश्न माझ्या घरातला होता. पण ज्यांच्या घरात वाढती मुले आहेत त्या सगळ्यांचाच तो आज ना उद्या होणार, म्हणून इथे मांडतो.

माझ्या धाकट्याने दहावीनंतरच्या सुट्टीत एक नाद लावून घेतला. मुंज, वाढदिवस, दहावीचे टक्के असे मिळून जमलेले सारे पैसे त्याने एका खोक्यात घातले. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींना लटकलेले शेकडो सुटे भाग. संच कोरियन होता, स्वयंचलित तोफेचा. पट्ट्यांवर धावणारी, वर फिरता मनोरा असलेली ही तोफ पाहून कोणीही तिला रणगाडाच म्हणेल. मीही म्हणालो. त्यावर मला दहा मिनिटांचे व्याख्यान ऐकावे लागले. रणगाडा समोर दिसणाऱ्या शत्रूवर मारा करतो. ही तोफ दिसत नसलेल्या शत्रूवर. आणि कोरियात जिला के-९ म्हणतात तीच आपल्याकडे 'वज्र'. आणि वज्र बनते कुठे, तर आपल्या हजिऱ्याला!

हे मात्र मला ठाऊक होते. हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या आवारात चिलखती वाहनांच्या कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये झाले. दक्षिण कोरियाच्या तंत्रज्ञानावर शंभर तोफा बनवायच्या होत्या, आणि त्यातली शंभरावी फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करप्रमुख मनोज नरवणे यांनी रवाना केली. नरवणे हे नाव वर्तमानपत्रात वाचून आमच्या शिक्षक-खोलीत त्या दिवशी चहा जास्त झाला होता. तेव्हा मुलाने हीच तोफ निवडली याचे मला कौतुकच वाटले.

आणि काम तर कौतुक करावे असेच होते. प्रत्येक भाग चौकटीतून चिमट्याने तोडायचा, त्याची कड कानशीने घासायची, मग पॉलिश पेपरने. यातला गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन भाग एकमेकांत विरतात आणि वाळल्यावर एकच होतात. नंतर अस्तराचा रंग, त्यावर मुख्य रंग. मग खाचाखोचांत काळपट पाणीदार रंग सोडायचा, म्हणजे सावल्या उठून दिसतात. जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरवायचा, म्हणजे माणसांच्या बुटांनी झिजलेले लोखंड दिसू लागते. शेवटी गंज, तेलाचे ओघळ आणि चिखल. जो मुलगा आपली खोली झाडत नाही, तो बोटभर पट्ट्यावर चिखल कुठे असावा आणि कुठे नसावा यावर दोन संध्याकाळी खर्च करत होता.

चिखलावरून आमचे पहिले संभाषण झाले. मी म्हणालो, "एवढी काळी माती बाहेर पडली आहे. तीच चाळून लाव की." तो म्हणाला, "बाबा, मातीचा कण लहान होत नाही ना. एक मिलिमीटरचा खडा इथे साडेतीन सेंटीमीटरचा धोंडा दिसेल."

मी गणिताचा शिक्षक नव्हे. एम.ए. तत्त्वज्ञानात केले आणि पोट इतिहास व मराठी शिकवून भरले. पण हे वाक्य ऐकून मी कागद-पेन्सिल घेतली. प्रमाण एकास पस्तीस. खरी तोफ नळीसकट बारा मीटर लांब, ही चौतीस सेंटीमीटर. खरी पावणेतीन मीटर उंच, ही पावणेआठ सेंटीमीटर. साडेपाच फुटी माणूस इथे पाच सेंटीमीटरही भरत नाही. पण वजनाचे काय? लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीसपट घटल्या की आकारमान बेचाळीस हजार आठशे पंचाहत्तर पट घटते. पन्नास टनांचे लोखंड एक किलो आणि वर थोडे एवढेच उरते. प्लॅस्टिकची तर अर्धा किलोही भरली नाही. म्हणजे 'सगळे हुबेहूब' असे म्हणतानाच वजन नावाची गोष्ट मुकाट्याने निघून गेलेली असते. मातीचा कण लहान होत नाही, पाण्याचा थेंब होत नाही, ज्योत होत नाही. जगात काही गोष्टी प्रमाणात बसायला नकार देतात.

'प्रमाण' हा शब्द आपल्याकडे मोठा गमतीचा आहे. नकाशावर तो माप सांगतो. कोर्टात तो पुरावा होतो. भाषेच्या पुस्तकात 'प्रमाण भाषा' होऊन आमच्या अहिराणीला घराच्या मागच्या दाराने जायला सांगतो. आणि हे प्रमाण ठरते कसे? मुलानेच सांगितले की, एकास पस्तीस हे माप कोणी विचार करून ठरवलेले नाही. जपानमधल्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला 'पँथर' या जर्मन रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. आत बॅटऱ्या मावायला हव्यात, म्हणून जो आकार आला तो आला. पुढे मोजला तर तो एकास पस्तीसच्या आसपास निघाला, आणि तेच माप जगभर रूढ झाले. ज्याला आपण प्रमाण म्हणून शरण जातो, त्याच्या मुळाशी अनेकदा अशी एखादी बॅटरी असते.

न्यायशास्त्रात मात्र प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन. चार प्रमाणे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचे नेहमीचे उदाहरण असे, की शहरातल्या माणसाने गवा कधी पाहिलेला नाही. कोणी सांगितले, गवा गायीसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसला आणि त्याने ओळखले, हाच गवा. मॉडेल म्हणजे हेच उपमान. त्याने ओळख पटते. शाळांनी तर हे काम खरोखरीच केले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली. माप एकास बहात्तर. पस्तीस फुटांवरून असे मॉडेल पाहिले, की अर्ध्या मैलावरचे खरे विमान पाहिल्यासारखे दिसते. आपले कोणते आणि शत्रूचे कोणते हे तोफचीला क्षणात ओळखता यावे म्हणून वर्गावर्गांतून मुले लाकूड तासत बसली. त्यांचे हात निरागस होते, यात शंका नाही. पण त्या हातांनी तासलेल्या सारखेपणाचा उपयोग शेवटी कोणावर तरी गोळी झाडताना झाला, हेही तितकेच खरे.

ओळख पटणे आणि अनुभव येणे यांत किती अंतर असते? यालाही या छंदात आकडा आहे. मुलगा रंग कालवताना त्यात थेंबभर पांढरा घालत होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "हातभर लांबून आपण हे बघतो, म्हणजे खरी तोफ तेवढ्याच्या पस्तीसपट लांबून बघितल्यासारखं. लांबची वस्तू फिकी दिसते. खरा रंग लावला तर खोटा वाटतो." मी त्या वाक्याशी थांबलो. मॉडेल नाकाशी धरले तरी आपण वस्तूपासून दूरच असतो. फुटाचे पस्तीस फूट होतात. आपण कितीही बारकाईने पाहिले तरी ते अंतर आपल्याबरोबर येते, आणि खरे वाटावे म्हणून रंगात थोडा फिकटपणा आपणच मिसळलेला असतो.

त्याच वर्षी नवरात्रात मुलाने जेवताना सांगितले, की बारावीत गेलो की एनडीएचा अर्ज भरणार. खडकवासल्याला जायचे. तोफखान्यातच जायचे.

मी घास हातात धरून काहीतरी मोघम बोललो. अगोदर बारावी नीट होऊ दे, असे काहीसे. त्याची आई काहीच बोलली नाही. तो हात धुवायला उठल्यावर तिने ताट सरकवले आणि म्हणाली, "अहो, आता का घाबरता? तुमची सव्वीस जानेवारीची भाषणं ऐकतच तो मोठा झालाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षे मी ध्वजाखाली उभा राहून बोलत आलो आहे. परमवीरचक्र मिळालेल्यांची नावे मला तोंडपाठ आहेत. १९६५ च्या लढाईत खेमकरणकडे जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडणारा अब्दुल हमीद, फिल्लोऱ्याला जखमी होऊनही मागे न हटलेले कर्नल तारापोर, १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला नकार देणारा एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल. तिघेही त्या लढायांतच पडले. मी आवाज चढवतो, मुले टाळ्या वाजवतात, मग खाऊ वाटला जातो. मी काही खोटे सांगत नव्हतो. तारखा बरोबर, नावे बरोबर, रणगाड्याचा प्रकारही बरोबर. पण आता दिसले की तेही एकास पस्तीसच होते. वजन निघून गेले होते, रंगात थेंबभर पांढरा मिसळला होता. आणि समोर बसलेली मुले दुसऱ्यांची होती.

खेळण्यातल्या युद्धाबद्दल यापूर्वी मोठ्या लोकांनीही विचार केला आहे. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. दिवाणखान्यात शिशाचे शिपाई मांडून लढाई कशी खेळावी याचे नियम त्यात आहेत. वेल्स युद्धखोर नव्हते. उलट, खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकले युद्ध किती बरे, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. म्हणून 'मुलांनी खेळात लढून घेतले की मोठेपणी लढणार नाहीत' असे मला म्हणता येत नाही. पण 'रणगाड्याची खेळणी खेळणारे युद्धखोर होतात' हेही म्हणता येत नाही. आमच्या पिढीने टिकल्यांची पिस्तुले उडवली आणि आम्ही मुख्याध्यापक, क्लार्क, यंत्रमागाचे मास्तर झालो.

मग मी मुलाशी वाद घालून पाहिला. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. त्याने कंपास घेतला, टोक चलथाणवर रोवले आणि चाळीस किलोमीटरचे वर्तुळ काढले. या तोफेचा पल्ला साधारण एवढाच. पश्चिमेला हजिरा त्या वर्तुळात आला, सुरत आले, दक्षिणेला नवसारी आले. माझी नजर मात्र दुसऱ्या दोन ठिपक्यांवर गेली. पूर्वेला बारडोली आणि नैर्ऋत्येला दांडी. १९२८ साली वाढीव शेतसारा देणार नाही म्हणून वल्लभभाईंच्या मागे उभे राहिलेले शेतकरी इथले, आणि ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचलले ते इथे. एकाच वर्तुळात वज्र बनवणारा कारखाना आणि सत्याग्रहाची दोन तीर्थे. मी म्हणालो, "बघ, सत्याग्रहाला समोर माणूस लागतो. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. तुझी तोफ पंचेचाळीस किलोंचा गोळा जिथे टाकते, तिथे कोण आहे हे टाकणाऱ्याला दिसतही नाही. माझी अडचण या अंतराची आहे."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "बाबा, २०२० साली गलवानला आपले वीस जण गेले. तिथे तोफा-बंदुका चालल्या नाहीत. हातभर अंतरावर लढले. अंतर कमी असलं की दया येते, असं कुठे आहे?"

मला उत्तर सुचले नाही. शिक्षकाने निरुत्तर व्हावे असे क्षण थोडे येतात, आणि ते घरात येतात तेव्हा आनंद आणि वेदना एकाच वेळी होते. शिवाय तो आणखी एक बोलला, जे मला मान्यच करावे लागले : बारडोलीच्या शेतकऱ्याची आठवण आपण आज सुखाने काढतो, ती सीमेवर कोणीतरी तोफ घेऊन उभा आहे म्हणून.

याच सुमारास अमळनेरहून माझे मामा आले. वय ऐंशीच्या घरात. लष्कराच्या ई.एम.ई. शाखेत, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या दलात, त्यांची नोकरी झाली. हवालदार म्हणून निवृत्त झाले. लढाईबद्दल ते कधी बोलत नाहीत. विचारले तर पेन्शनबद्दल बोलतात. चहा घेऊन ते मुलाच्या टेबलापाशी गेले. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि ते मॉडेल हातात घेऊन फिरवून पाहिले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "ओढायचा दोर कुठंय?" मुलाने मागच्या बाजूला गुंडाळलेला, दोऱ्याला पीळ देऊन आणि रंगवून केलेला तारेचा दोर दाखवला. मामा खूश झाले. "गाडी चांगली केलीस." फौजेत रणगाड्याला, तोफेला, सगळ्याला 'गाडी'च म्हणतात.

मग त्यांनी वरच्या झाकणावर नख लावले. "हे उघडतं का?"

"नाही आजोबा. चिकटवलंय. आत काहीच नाहीये."

"आत काही नाही असं नसतं," मामा म्हणाले.

आणि बसल्या बसल्या, कोणी न विचारता, त्यांनी सांगितले. डिसेंबर १९७१, शकरगडची बाजू. बंद पडलेले, फुटलेले रणगाडे मागे ओढून आणायचे आणि होतील ते दुरुस्त करून पुन्हा पुढे पाठवायचे, हे त्यांच्या टोळीचे काम. "एक सेंच्युरियन ओढून आणली. मी आत उतरलो. ड्रायव्हरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा डबा होता. त्यात फडक्यात बांधलेले गूळ-शेंगदाणे. गाठ अजून सोडलेली नव्हती. शिपाई तशी गाठ मारत नाही रे. ती घरच्या बाईनं मारलेली गाठ होती. गाडीत चार जण असतात. त्यातलं कोण राहिलं, कोण गेलं, डबा कोणाचा, मी विचारलं नाही. गाडी दोन दिवसांत दुरुस्त करून द्यायची होती. दुसरे चार जण वाट बघत होते."

"मग डब्याचं काय केलंत?" मुलाने विचारले.

"बाजूला ठेवला. पुढचं आठवत नाही." मामांनी मॉडेल परत टेबलावर ठेवले, अगदी हलक्या हाताने, जणू ते खरेच जड होते. "एवढं इंजिनाचं सगळं आठवतं. कोणता बोल्ट कुठला, आजही सांगेन. आणि डब्याचं आठवत नाही."

माझी चारही प्रमाणे तिथे एका टेबलाभोवती जमली होती. मुलाचे उपमान, माझा शब्द, दोघांची अनुमाने, आणि मामांचे प्रत्यक्ष. प्रत्यक्षालाही सगळे आठवत नव्हते, हे मला सर्वांत जास्त लागले. ज्याने आत उतरून पाहिले त्याला बोल्ट आठवतो, मग बाहेरून पाहणाऱ्या आम्हाला काय आठवणार? माणूस विसरला जातो तो केवळ अंतरामुळे नव्हे. काम नीट करण्याच्या नादात, हुबेहूबपणाच्या नादातही तो विसरला जातो. मुलाने गलवानचे उदाहरण देऊन मला निरुत्तर केले, ते बरोबरच होते. अंतर हा गुन्हा नाही. लहान करणे हाही गुन्हा नाही. लहान केल्याशिवाय कोणतीच मोठी गोष्ट माणसाच्या हातात येत नाही. नकाशा लहान करतो, इतिहासाचे पुस्तक लहान करते, भाषण लहान करते. दोष आहे तो आपण काय वगळले याची नोंद न ठेवण्यात. 'आत काहीच नाही' म्हणून झाकण चिकटवून टाकण्यात.

मामा गेल्यावर चार दिवसांनी पाहिले, तर मुलाने सुरीच्या टोकाने झाकण उचकटले होते. एक कड मोडली होती. त्या जागी तो एक माणूस बसवत होता, कमरेपासून वरचा. तोफेचे शेकडो भाग त्याने दीड महिन्यात जोडले होते. त्या माणसाचे डोके वाटाण्याएवढे, आणि त्याचे दोन डोळे काढायला त्याला तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री डोळे वटारलेले आले, दुसऱ्या रात्री तिरळे. तिसऱ्या रात्री जमले. मी विचारले, "कुठे बघतोय रे हा?" तो म्हणाला, "ठरवलं नाही अजून."

मग दिवाळी आली आणि खाली किल्ला उभा राहिला. तिसरी-चौथीतली पोरे दादाची तोफ मागायला वर आली. एका गुजराती पोराने दुसऱ्याला दटावले, "आ रमकडुं नथी!" मला वाटले, मुलगा देणार नाही. पण तो स्वतःच तोफ घेऊन खाली गेला. पोरांनी ती महादरवाजापाशी ठेवली आणि शेजारी बाजारातून आणलेला मातीचा मावळा उभा केला. मावळा चार इंचांचा, म्हणजे दहा सेंटीमीटर. तोफ पावणेआठ. एकास पस्तीसच्या हिशेबाने तो मावळा साडेतीन मीटर उंचीचा राक्षस होता. मुलगा ते पाहून मोठ्याने हसला आणि म्हणाला, "सगळं प्रमाण गेलं!"

मी मात्र बघत उभा राहिलो. आपल्या पोरांच्या किल्ल्यात हे नेहमीच असे असते. महाराज सिंहासनासकट बुरुजापेक्षा उंच, मावळा दरवाजापेक्षा मोठा, पायथ्याची पाटी घेतलेली गवळण तोफेपेक्षा थोर. लहानपणी मीही असाच किल्ला केला आणि मोठेपणी त्याला मुलांचे अज्ञान म्हटले. किल्लाही शेवटी लष्करी वास्तूचे मॉडेलच आहे; त्याबद्दल आपल्याला कधी नैतिक शंका येत नाही, त्याचे कारण इतकी वर्षे मी सवय हेच मानत होतो. कारण वेगळे होते. तिथे माप चुकते, पण माणूस शस्त्रापेक्षा मोठा असतो. आणि तिथे माणसे सगळ्यांत शेवटी, पण ठेवावीच लागतात. माणसांशिवाय किल्ला पुरा झाला असे कोणतेच पोर म्हणत नाही.

यंदा २६ जानेवारीला मी भाषण केले, पण निराळे. तीन नावांऐवजी एकच गोष्ट सांगितली, गाठ न सोडलेल्या फडक्याची. टाळ्या पडल्या नाहीत. खाऊच्या रांगेत एका मुलीने विचारले, "सर, त्यांच्या आईला डबा परत मिळाला का?" मी म्हणालो, "माहीत नाही." वीस वर्षांत माझ्या भाषणावर विचारलेला हा पहिला प्रश्न.

येत्या डिसेंबरात अर्ज निघतील. मुलाला मी अडवणार नाही, असे सांगितले आहे. त्याच्या आईने अजून हो म्हटलेले नाही आणि तिच्या न बोलण्याला मी आता भित्रेपणा म्हणत नाही. ते वजन आहे. घरात कोणीतरी ते उचलून धरायलाच हवे. दुसऱ्यांच्या मुलांना ज्या वाटेचे गोडवे ऐकवले, त्या वाटेवर आपला मुलगा निघाला की दार लावून घेणे मला शोभणार नाही. मात्र त्याच्याकडून एक कबूल करून घेतले आहे. तोफखान्यात गेलास आणि चाळीस किलोमीटरवर गोळा टाकायची वेळ आलीच, तर टाकण्याआधी की नंतर ते तुझे तू ठरव, पण पलीकडेही एखाद्या फडक्याला गाठ असेल हे आठवायचे. तो "हो" म्हणाला. त्या 'हो'ला किती वजन आहे हे आज मला मोजता येत नाही.

तोफ पुन्हा त्याच्या टेबलावर आहे. झाकणाची मोडलेली कड त्याने दुरुस्त केलेली नाही. खाली पोरांनी यंदाच्या किल्ल्यासाठी माती आणून टाकली आहे आणि मावळ्यांची खोकी माळ्यावरून काढली आहेत. मी त्यांना मदतीला जातो आहे. विटा उचलायला माणसे कमी पडतात.